आठवा तुकडा

गोपाल डहाके पहिल्यांदा दप्तरखान्यात आला तेव्हा त्याच्या कपाळावर सात टाके होते आणि डावा डोळा सुजून मिटला होता. डावा हात गळ्यात बांधलेला. उजव्या हातातला अर्ज त्यानं खिडकीतून आत सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, नक्कल पाह्यजे. लवकर पाह्यजे."

रजनी पांढरीपांडेनं अर्ज वाचला. मौजा कोपरशेंडा, तालुका बाभुळगाव, सन एकोणीसशे एकोणतीसचा गाव-नकाशा. एकवीस वर्षं ती या सरकारी दप्तरखान्यात काम करत होती. जुने फाटके कागद सांधायचे, त्यांच्या नकला काढायच्या, नकलेखाली 'मूळ प्रतीबरहुकूम' असं लिहून सही करायची. तिचे वडील यवतमाळात कारकून होते, आजोबाही. अर्जदाराला कागद कशाला हवा हे विचारायचं नसतं, हे ती घरातूनच शिकून आली होती. पण तो डोळा पाहून तिच्या तोंडून गेलंच, "कोणी मारलं?"

"चुलतभावानं. घनश्यामदादानं. बैलबंडीच्या दांड्यानं, उभारीनं मारलं."

मग त्यानं न विचारताच सगळं सांगितलं. त्याचं वावर मागे, घनश्यामचं पुढे. आज्याच्या काळापासून बैलबंड्या घनश्यामच्या वावरातल्या पांदणीनं मागच्या वावरात जायच्या. औंदा घनश्यामनं ती पांदण नांगरून टाकली, तोंडाशी बाभळीचे काटे रचले. गोपालचा कापूस अजून वावरातच होता, ट्रॅक्टर आत जाऊ शकत नव्हता.

"थो म्हणते पांदण इथून नव्हतीच. विहिरीच्या पलीकून, नाल्याच्या काठानं होती म्हणते. आता थो काठ तं नाल्यानं कवाच खाल्ला. तिथून बकरी जात नाही, ट्रॅक्टर कुठून जाईन? तहसीलदार सायेब म्हणते, जुना नकाशा आणा. विहिरीच्या पश्चिमेनं पांदण दिसली तं तुमची, पूर्वेनं दिसली तं त्याचं खरं. अठरा तारखेले पेशी हाय."

रजनीनं शिपाई किसनरावांना गठ्ठा काढायला सांगितलं. किसनराव निवृत्तीला आलेले, पण कोणता गठ्ठा कोणत्या रॅकवर ते अंधारातही सांगत. त्यांनी कोपरशेंड्याचा बस्ता आणून टेबलावर सोडला. नकाशा पातळ, पिवळ्या कागदाचा होता आणि प्रत्येक घडीवर फाटला होता. अकरा तुकडे. काही तळहाताएवढे, काही बोटभर.

"अशाची नक्कल देता येत नाही," रजनी म्हणाली. "आधी सांधावा लागेल. मग स्कॅनवाले त्याचा फोटो घेतील, मग नक्कल. पुढच्या शुक्रवारी स्कॅनिंगला देते. अठराच्या आधी मिळेल तुम्हाला."

गोपालनं एका डोळ्यानं त्या तुकड्यांकडे पाहिलं. "याच्यात हाय ना पांदण?"

"सांधल्यावर दिसेल. मी आता काही सांगणार नाही."

ती कधीच सांगत नसे. कागदावर जे आहे ते नकलेत येईल, जे नाही ते येणार नाही, हीच तिची नोकरी होती. अक्षर पुसलं असेल तर ती तिथे जागा सोडायची. अंदाजानं एक काना भरला नव्हता तिनं एकवीस वर्षांत.

*

सोमवारी घनश्याम आला. पन्नाशीचा, उंच, पांढरा सदरा. हातात हिरव्या तुरीच्या शेंगांनी भरलेली पिशवी. ती त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"घरच्या हायेत मॅडम. उकडून खा."

"घेऊन जा. इथे असं काही चालत नाही."

त्यानं पिशवी उचलली नाही. हळू आवाजात म्हणाला, "थो नकाशा लय जुना हाय म्हणते. तुकडे तुकडे झाले म्हणते. एखादा तुकडा हरवला तं कोणाले काय समजते?"

"मला समजेल."

"पाहा मॅडम, मी वाईट माणूस नाही. थो म्हणते त्या पट्टीच्या दोन्ही काठाले माह्या बापानं संत्र्याची झाडं लावली. बावीस झाडं. पाईपलाईन गेली खालून. याच्या बापानं माह्या बापाले भर बाजारात चपलेनं मारलतं, त्या दिवसापासून माहा बाप मान वर करून चालला नाही. आन आता त्याचा पोरगा माह्या बापाच्या झाडावरून ट्रॅक्टर नेईन? मी जित्ता असताना?"

रजनी म्हणाली, "मी पांदण देत नाही आणि काढतही नाही. नकाशात असेल ते असेल."

घनश्यामनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेला आणि तिथेच सगळ्या शेंगा जमिनीवर ओतून निघून गेला. किसनरावांनी झाडू आणला. "हा माणूस पुन्हा येईन बाई," ते म्हणाले.

रजनीनं दप्तरखान्याच्या साहेबांच्या कानावर घातलं. दार आतून बंद ठेवा, साहेब म्हणाले.

*

गुरुवारी दुपारपर्यंत सात तुकडे सांधून झाले होते. हे काम पालथं होतं. नकाशा काचेवर तोंडघशी घालायचा आणि पाठीमागून मैद्याची पातळ खळ लावून, वर जाळीसारखा बारीक टिश्यू बसवायचा. रजनीनं आठव्या तुकड्याला खळ लावली. तो तळहाताएवढा होता, विहिरीचा. ओला होताच कागद पारदर्शक झाला. ती कडेचा तंतू तंतूला मिळवू लागली. सांधणारा माणूस कडा पाहतो, कागदावर काय आहे ते पाहत नाही. डोळ्यासमोरून जातं तेवढंच.

किसनराव चहा आणायला दार उघडून बाहेर पडले आणि लगेच उलटे आत आले. घनश्यामनं त्यांना छातीवर धक्का दिला होता. त्यांचं डोकं लोखंडी रॅकच्या कोपऱ्यावर आदळलं, ते खाली बसले आणि तसेच एका कुशीवर कलंडले. कानामागून रक्त आलं.

घनश्याम टेबलाशी आला. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. नंतर पोलिसांनी हेच पहिल्यांदा विचारलं होतं आणि रजनीनं हेच सांगितलं होतं, वास नव्हता.

"कोणता हाय?" तो म्हणाला.

त्याच्यासमोर सांधलेला, न सांधलेला, सगळा नकाशा पालथा पडला होता. नुसती कोरी पाठ. त्याला काहीच कळलं नसतं. तो सगळा फाडायला लागला असता तरी तिनं आरडाओरड केली असती, वरच्या मजल्यावरून माणसं आली असती. पण रजनीचा हात पुढे गेला आणि तिनं आठव्या तुकड्यावर तळवा ठेवला. झाकायला. आणि तिनं झाकलं म्हणून त्याला कळलं.

त्यानं तिचं मनगट पकडून हात उपटला. ओला तुकडा तिच्या तळव्याला चिकटून आला. त्यानं तो ओरबाडून काढला, फाडायला गेला, पण ओला कागद फाटेना, नुसता लिबलिबीत झाला. मग त्यानं तो तोंडात कोंबला.

रजनीनं आयुष्यात कोणाला चापट मारली नव्हती. तिनं डाव्या हातानं त्याचा जबडा धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या तोंडात घातली. तिला कागद लागला. दाढेखाली, जिभेखाली, मऊ गोळा. तिनं तो नखानं ओढला आणि थोडा सुटलाही. तेवढ्यात घनश्यामनं दात मिटले.

सुरुवातीला दुखलं नाही. आवाज आला. उसाचं पेर मोडावं तसा. मग दुखलं, आणि ती ओरडली ती खाली रस्त्यावर चहाच्या टपरीपर्यंत ऐकू गेली. तो सोडेना. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांपासून चार बोटांवर होते आणि तो मान हलवत होता, कुत्रं हाड तोडताना हलवतं तशी. टेबलावर कागद दाबायची लोखंडी वजनं होती, अर्ध्या किलोची. रजनीनं डाव्या हातानं एक उचललं आणि त्याच्या कानावर मारलं. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा कानाची पाळी फाटून लोंबली आणि त्याचे दात उघडले.

तो मागे सरकला. त्यानं घोट गिळला. तो घोट गळ्यातून खाली जाताना तिनं पाहिला. मग त्यानं टेबलावर थुंकलं. थुंकीत तिचं बोट होतं, वरचं पेर, नखासकट. ते नकाशाच्या पाठीवर पडलं.

चौथ्यांदा मारायला तिनं हात उचलला होता. वरून धावत आलेल्या दोन कारकुनांनी तिला मागून धरलं. घनश्यामला धरायची गरज पडली नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला होता, कान दाबून, आणि म्हणत होता, "झालं. आता झालं."

रजनीच्या हातातून रक्ताची धार लागली होती. ती हात टेबलापासून लांब धरत होती, नकाशावर पडू नये म्हणून. तरी पडलंच.

*

बोट पुन्हा जोडता आलं नाही. पेर चिरडलं आहे, डॉक्टर म्हणाले, आणि उरलेल्या तर्जनीला टाके घालून टोक बंद केलं. किसनरावांच्या डोक्याला नऊ टाके पडले, आणि त्यांना उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं. घनश्यामला पोलिसांनी त्याच दुपारी नेलं. तीन आठवड्यांनी तो जामिनावर सुटला.

दुसऱ्या दिवशी रजनीनं मुलीला, आभाला, कागद आणायला सांगितला आणि दवाखान्याच्या खाटेवर डाव्या हातानं पत्र लिहिलं. प्रत्येक गावाच्या नकाशाचा दुसरा संच वरच्या कचेरीत असायचा, असला तर. कोपरशेंड्याची दुसरी प्रत शोधून तातडीनं पाठवावी. अक्षरं लहान मुलाच्या अक्षरांसारखी आली होती. आभा म्हणाली, "आई, मी लिहू का?" रजनी म्हणाली, "नको. माझी सही आहे खाली, अक्षर माझंच हवं."

पेशी पुढे ढकलून जानेवारीत ठेवली होती. तहसीलदारांनी रजनीला साक्षीला बोलावलं. टेबलावर नकाशा पसरला होता, दहा तुकड्यांचा, मधोमध तळहाताएवढं भोक आणि कडेला तपकिरी डाग. गोपाल एका बाजूला उभा, त्याचा हात आता मोकळा होता. शेजारी त्याची आई विमलताई, डोक्यावरून पदर घेतलेली. दुसऱ्या बाजूला घनश्याम, कानावर पट्टी.

"तो तुकडा तुम्ही पाहिला होता," तहसीलदार म्हणाले. "पांदण होती त्यावर?"

"दुहेरी तुटक रेघ होती. पांदण तशीच दाखवतात."

"विहिरीच्या कोणत्या बाजूला?"

रजनीनं डोळे मिटले. तिला विहिरीचं लहान वर्तुळ दिसत होतं, ओल्या कागदातून वर आलेलं, आणि त्याच्या उजवीकडून गेलेली रेघ. उजवीकडे म्हणजे पूर्व. पण ते खरंच दिसत होतं की तिचं मन काढत होतं?

"खात्रीनं सांगू शकत नाही, साहेब."

"अंदाजे?"

"अंदाजे मी काही सांगत नाही."

तहसीलदारांनी पुढची तारीख दिली, दुसरी प्रत येईपर्यंत. घनश्याम निघून गेला. जाताना त्यानं रजनीच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

गोपालनं तिला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. "त्यानं तुमचं बोट तोडून खाल्लं," तो म्हणाला, "आन तुमी त्यालेच वाचवून राह्यल्या."

"मी कोणालाच वाचवत नाही. दुसऱ्या प्रतीसाठी पत्र लावलंय. थोडं थांबा."

"कितीक दिवस?"

"ते मला सांगता येणार नाही."

गोपालनं भिंतीवर मूठ मारली. मग पुन्हा मारली, पुन्हा मारली, बोटांची सालं निघेपर्यंत. विमलताईनं त्याचा दंड धरला, तो त्यानं झटकला. "माहा कापूस वावरात काळा पडून राह्यला. पाय फुटेपर्यंत डोक्यावर वाहून आणलं आमी दोघं मायलेकानं. तिथं साहेबाले नका सांगू, ठीक हाय. कागदावर नका लिहू. मले सांगा. तुमच्या मनाले काय वाटते, येवढंच सांगा. मी कोणाजवळ बोलणार नाही."

त्याच्या मुठीतून रक्त येत होतं. त्या रक्ताकडे पाहताना रजनीला स्वतःचा हात ठणकल्यासारखा झाला. एकवीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं तिथे, व्हरांड्यात, एका माणसाची दया येऊन केलं.

"मला पूर्वेला दिसते रेघ," ती म्हणाली. "पण ती माझी आठवण आहे, गोपाल. कागद नाही."

तो एकदम शांत झाला. "पूर्वेले," तो म्हणाला. "म्हणजे नाल्याकून."

"आठवण चुकू शकते."

"नाही. ठीक हाय मॅडम. समजलं मले." त्यानं मुठीवरचं रक्त पँटला पुसलं आणि आईला म्हणाला, "चाल माय."

*

पुढच्या रविवारी सकाळी गोपाल ट्रॅक्टर घेऊन पांदणीच्या तोंडाशी गेला. विमलताई मागे धावत गेली होती. पुढचं सगळं तिनं आणि घनश्यामच्या बायकोनं, इंदूबाईनं, पोलिसांना सांगितलं, आणि दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.

गोपालनं बाभळीचे काटे हातानं ओढून बाजूला फेकले. मग ट्रॅक्टर आत घातला. पहिली दोन संत्र्याची झाडं बंपरखाली मोडली. घनश्याम विहिरीवर होता. तो उभारी घेऊन पळत आला आणि त्यानं ट्रॅक्टरवर चढून गोपालच्या पाठीत, खांद्यावर, मानेवर मारायला सुरुवात केली. गोपाल उलटा खाली पडला. घनश्यामनं त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. "नकाशात नाही," तो ओरडत होता, "नकाशात नाही तुही पांदण."

गोपाल रांगत ट्रॅक्टरच्या दुसऱ्या बाजूला गेला. सीटखाली कुऱ्हाड होती. तो उठला तेव्हा ती त्याच्या हातात होती.

पहिला घाव घनश्यामच्या खांद्यात बसला. उभारी गळून पडली. घनश्याम पाठमोरा होऊन घराच्या दिशेनं चार-पाच पावलं चालला, पळाला नाही, नुसता चालला, आणि गोपालनं मागून मानेवर घाव घातला. तो सरीत तोंडावर पडला. विमलताई ओरडत होती, "नको रे बाबू, नको," पण गोपालला ऐकू जात नसावं. त्यानं अजून घाव घातले. पाठीत, डोक्यात. एक घाव चुकून मातीत गेला, तो उपटायला त्याला वेळ लागला.

इंदूबाई पलीकडच्या ओळीत कापूस वेचत होती. तिच्या कमरेला कापसानं भरलेली ओटी होती. ती धावत आली आणि नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. गोपालनं कुऱ्हाड उचललेली होती. ती तशीच वर राहिली. मग त्यानं ती खाली टाकली. इंदूबाई ओटीतला कापूस ओंजळ ओंजळ काढून नवऱ्याच्या मानेत कोंबत होती. तो भिजायचा, ती काढून टाकायची आणि दुसरा भरायची. ओटी रिकामी होईपर्यंत ती भरत राहिली. तोवर घनश्याम मेला होता.

गोपाल ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला. पोलीस येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

सोमवारी किसनरावांनी ही बातमी रजनीला सांगितली. एका कानानं ऐकायची सवय नसल्यानं ते आता मोठ्यानं बोलत. "गेला बाई थो घनश्याम. कुऱ्हाडीनं तोडला."

रजनीला आधी बरं वाटलं. हे तिनं कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. क्षणभर वाटलं, चांगलं झालं. मग किसनरावांनी कापसाचं सांगितलं. तिनं डबा उघडला होता, तो मिटून ठेवला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिच्यानं जेववलं नाही.

*

दुसरी प्रत मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. पत्र्याच्या नळकांड्यात, कापडावर चिकटवलेली, एकही घडी नसलेली. रजनीनं ती टेबलावर उलगडून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली.

विहीर होती. दुहेरी तुटक रेघ होती. रेघ विहिरीच्या डावीकडून, पश्चिमेनं गेली होती. घनश्यामच्या वावरातून सरळ मागच्या वावरात. गोपाल म्हणाला होता तशी.

तिला तर रेघ उजवीकडे दिसली होती, अजूनही दिसत होती. डोळे मिटले की तीच दिसत होती. वर्तुळ आणि त्याच्या उजवीकडे रेघ, ओल्या कागदातून वर आलेली.

ओल्या कागदातून.

तिनं एक पातळ कागद घेतला, त्यावर विहिरीचं वर्तुळ काढलं, डावीकडे रेघ काढली. मग तो पालथा केला आणि खिडकीच्या काचेला लावला. उन्हात कागदातून रेघ दिसली. वर्तुळाच्या उजवीकडे.

तिनं आठवा तुकडा पाठीकडून पाहिला होता. आठवण चुकली नव्हती. आठवण उलटी होती, आणि उलटी करून पाहायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. दवाखान्यात नाही, तहसीलदारांपुढे नाही, त्या व्हरांड्यात नाही. एकवीस वर्षं पालथे कागद सांधणाऱ्या बाईला.

किसनराव म्हणाले, "काय झालं बाई?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसून रडली. किसनराव दाराशी जाऊन उभे राहिले, कोणी आत येऊ नये म्हणून.

*

विमलताई त्याच महिन्यात नक्कल घ्यायला आली. गोपालच्या वकिलानं पाठवलं होतं, खून पांदणीवरून झाला म्हणून पांदण कुठे होती ते कोर्टाला दाखवायचं होतं. ती एकटीच बसनं आली होती. रजनीनं तिला आत बोलावून खुर्ची दिली. नक्कल तयार होती, खाली सही होती. आता सही करताना पेन मधल्या बोटात आणि अंगठ्यात धरावा लागे.

"दाखवा बरं मले," विमलताई म्हणाली. "कुठं हाय ते."

रजनीनं दाखवलं. ही विहीर, ही पांदण, हे तुमचं वावर.

"म्हणजे बरोबर होतं त्याचं."

"हो."

विमलताईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. "आता तिथून जाते सगळे," ती म्हणाली. "इंदूनं काटे काढून टाकले सगळे. तेरवी झाली आन दुसऱ्या दिवशी तिनं काढले. मी पाह्यलं दुरून. मले वाटलं बोलावं, पण तोंड नाही झालं. माहा राह्यलेला कापूस तिच्याच वावरातून गेला."

रजनी म्हणाली, "विमलताई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

आणि तिनं सांगितलं. तुकडा पालथा होता ते, पाठीकडून पाहिला ते, व्हरांड्यात गोपालला काय सांगितलं ते. "मी त्याला पूर्वेला सांगितलं. ते उलटं होतं. त्यानं अजून दोन महिने वाट पाहिली असती तर हा नकाशा आला असता. मी सांगितलं म्हणून त्यानं वाट पाहिली नाही."

विमलताईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते रजनीला ओळखता आलं नाही.

"हे मले कायले सांगतलं बाई तुमी?" ती म्हणाली. "मी आजपावतर म्हणत होती, माह्या पोराचंच डोकं फिरलं. त्याच्या बापासारखं. तेवढं धरून झोपत होती मी. आता हे कुठं ठेवू?"

विमलताईनं नक्कल पिशवीत घातली, पदर सारखा केला आणि ती निघाली. जिन्यावरून तिची पावलं खाली जाताना ऐकू आली. मग थांबली. मग पुन्हा वर आली.

ती दारात उभी राहिली. दम लागला होता. "हे वकिलाले सांगतलं तं पोराले काही फायदा हाय काय?"

"असेल. थोडा असेल. माझ्या चुकीच्या सांगण्यानं त्याची आशा तुटली, म्हणून केलं असं दिसेल. मला माहीत नाही, पण मी लेखी देईन. कोर्टात येऊन सांगेन."

"तुमची नोकरी जाईन."

"जाईल कदाचित. तहसीलदारांपुढे नाही म्हटलं आणि बाहेर येऊन सांगितलं, हे साहेबांना आवडणार नाही."

विमलताईनं तिच्या हाताकडे पाहिलं, त्या आखूड बोटाकडे, आणि मग टेबलावरच्या कोऱ्या कागदांकडे.

"मंग लिहा," ती म्हणाली. "मी बसते. माही बस पाच वाजता हाय."

ती खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. किसनरावांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. रजनीनं कागद पुढे ओढला, पेन मधल्या बोटात धरला आणि वर आपलं पूर्ण नाव लिहिलं, मग हुद्दा, मग तारीख.